नकाराचं कारण

तिन्ही नकारांपुढे एकच कारण लिहिलेलं होतं: ‘बाहेरून मिळालेली माहिती’.

दिगंबररावांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. वधूवर मंडळाच्या वेबसाइटवर मुलाकडचे यादीतून नकाराचं कारण निवडत. पण गेल्या आठवड्यापर्यंत तिथे इंग्रजी कॅपिटल अक्षरांचं काहीतरी अगम्य दिसायचं. ‘मंडळ मराठी, मग कारणं कोडभाषेत का?’ असं दोन पानी पत्र दिगंबररावांनीच धाडलं होतं. मुख्याध्यापक होते ते, निवृत्त झाले म्हणून काय झालं! आता तिथे सरळ मराठी नावं आली होती, आणि बिंग फुटलं होतं.

कुणीतरी स्पृहाची स्थळं मोडत होतं.

"कोण असेल गं?" त्यांनी लेकीला विचारलं.

ती ऑफिसची बॅग भरत होती. "बाबा, सोडा ना आता."

"सोडू? एकतिसावं लागलंय तुला. आणि तो तिसरा मुलगा तुला आवडला होता."

"होता," ती म्हणाली आणि चपला घालून निघून गेली.

ती दिसेनाशी होईपर्यंत दिगंबरराव दाराशी उभे राहिले. त्यांच्याकडून तर काही कमी पडलं नव्हतं. एका मुलाचा बायोडेटा त्यांनी लाल पेनानं शुद्धलेखन दुरुस्त करून परत दिला होता. इतकं कोण करतं?

मग त्यांना वैजनाथ आठवला. वारज्याच्या या सोसायटीत वीस वर्षं समोरच्या दारात राहणारा मित्र. स्पृहाचं कॉलेजात जुळलेलं आणि फिसकटलेलं प्रकरण घराबाहेर फक्त त्यालाच ठाऊक होतं. तिसऱ्या स्थळाच्या बैठकीनंतर तो मुलाच्या वडिलांना रिक्षापर्यंत सोडायला गेला आणि चांगली दहा मिनिटं बोलत उभा राहिला. दिगंबररावांनी गॅलरीतून पाहिलं होतं.

त्यांनी समोरची बेल दाबली.

"त्या दिवशी खाली काय बोलत होतास?"

वैजनाथ गडबडला. "काही नाही रे. जरा समजूत घालत होतो."

"कसली समजूत?"

"जाऊ दे ना, दिगंबर. चहा टाकू?"

"चहा? माझ्या पोरीचं वाटोळं करून वर चहा पाजतोस? उद्यापासून माझ्या दाराकडे बघायचंसुद्धा नाही!"

वैजनाथचे डोळे भरून आले. त्यानं हळूच दार लावून घेतलं. गप्प बसला म्हणजे कबूलच केलं, असं दिगंबररावांनी ठरवून टाकलं. तरी दुपारचं जेवण काही त्यांना गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते नारायण पेठेत मंडळाच्या कार्यालयात जाऊन थडकले. वेबसाइटचं काम बघणारा सलिल तिथेच होता.

"मला नाव हवंय. कोणी माहिती दिली त्याचं. लेखी."

सलिलनं स्पृहाचं पान उघडलं आणि कपाळाला हात लावला. "अहो काका, घोळ माझाच आहे. आमच्याकडे कारणाचा फक्त क्रमांक साठवलेला असतो. मराठी नावं लावताना मी यादीत सगळ्यांत वर ‘कारण निवडा’ अशी ओळ घातली. त्यामुळे सगळी नावं एकेक घर खाली सरकली. जुन्या नकारांपुढे खऱ्या कारणाच्या वरचं कारण दिसतंय."

"म्हणजे बाहेरून कुणीच काही सांगितलं नाही?"

"कुणीच नाही."

दिगंबररावांना एकदम हलकं वाटलं, आणि लगेच लाजही वाटली. जाताना वैजनाथसाठी काहीतरी गोड न्यायचं, हात जोडायचे, दारातच माफी मागायची.

"मग खरं काय होतं? पत्रिका? उंची?"

सलिलनं दोन-चार बटणं दाबली. स्क्रीनकडे बघून तो थबकला.

"काका, हे आपण घरी जाऊन निवांत बघा ना."

"तक्रार इथे केलीय, इथेच बघणार. फिरवा तो स्क्रीन इकडे."

सलिलनं नाइलाजानं स्क्रीन फिरवला. तिन्ही नावांपुढे आता ‘मुलीच्या वडिलांचा स्वभाव’ असं दिसत होतं.