अंड्याचा केक

पुस्तकात सांगितल्याप्रमाणे कुमुदताईंनी अंडं भांड्याच्या कडेवर फोडलं आणि नाकाला पदर लावला. त्यांच्या ओट्यावर अंडं पहिल्यांदाच आलं होतं.

“अगं, पोराच्या वर्षश्राद्धाला अंडं?” नवरा दारातूनच म्हणाला.

“दर वाढदिवसाला हाच केक मागायचा तो. मी शिऱ्यावर बोळवण केली.”

पहिला केक करपला, दुसरा मधोमध बसला. तिसरा मात्र पुस्तकातल्या चित्रासारखा फुगला. खीर-वड्यांच्या पानात त्याचा तुकडा ठेवून दोघं गच्चीवर गेली.

कावळा लगेच आला. खिरीकडे ढुंकूनही न बघता त्यानं केक उचलला.

“शिवला गं!” नवऱ्यानं सुटकेचा निःश्वास टाकला.

कुमुदताई पानातल्या खिरीकडे बघत म्हणाल्या, “म्हणजे मनात राहिलंच होतं हो त्याच्या.”