दाबलेला हेलियम

पुण्यातल्या माझ्या जुन्या मित्राच्या, जयंतच्या पत्राला मी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. "तुझ्या पुण्याच्या घरावर परकी पाटी दिसली. घर विकलंस का?" असं त्याने विचारलं होतं. त्याचीच काही चूक होत असेल, असं मी मनाला समजावत राहिलो.

आज इथे जर्मनीत, ब्राउनश्वाइगला, नातीचा, वल्लरीचा वाढदिवस. माझा मुलगा सत्यजित हेलियमच्या सिलिंडरने फुगे भरत होता. वल्लरीने जर्मनमध्ये विचारलं, "आजोबा, आत एवढा हेलियम आहे, मग सिलिंडर का उडत नाही?"

"मोकळा हेलियम भरपूर हवा बाजूला सारतो बाळा, म्हणून वर जातो. दाबला की गॅस तेवढाच, पण जागा इवलीशी. मग तो कसला उचलतोय?"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" सत्यजित हसला. त्या हसण्याने मला धीर आला.

"पुण्याचं घर आहे ना रे आपलं?"

त्याने फुग्याची गाठ घट्ट आवळली. "सांगणारच होतो, बाबा. सोसायटीच्या कामासाठी कुलमुखत्यारपत्र दिलं होतंत ना, त्यावरच झालं सगळं. आणि एकट्या माणसाला जागा लागते किती? इथे खोली आहे की तुम्हाला."

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पिवळ्या टपालपेटीत मी उत्तर टाकलं: "प्रिय जयंत, तू पाहिलंस ते खरं आहे. सही माझीच आहे. घर मात्र मी विकलेलं नाही."