जास्तीचं असू दे

लेक उद्या गाडी घेऊन एकटीच लांबच्या, ओसाड रस्त्याला निघणार होती. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या प्रवासाला तयार करून दिलेल्या बाबांनी जॅक, पाना, टोचनची दोरी, पंक्चरचं सामान स्वतःच्या हाताने भरलं. वर दोन टॉर्च, दोन पांघरुणं, दोन मग.

"बाबा, मी एकटी जातेय. सगळं दोन-दोन कशाला?"

"वेळ काय सांगून येते, बाई? मैलोन्‌मैल चिटपाखरू नाही तिथे. जास्तीचं असू दे."

ती हसून सामान नीट लावायला लागली. शेजारच्या सीटखाली हाताला बूट लागले. बाबांचेच. नव्या नाड्या, ताजं पॉलिश.

"आणि हे?"

बाबा खाली वाकले आणि आत्ताच तपासलेली चाकातली हवा पुन्हा तपासू लागले.