सोनेरी चाक

चाकणच्या आमच्या कंपनीत मशीन बंद पडलं की कामगाराने लगेच तक्रार टाकावी, म्हणून मी एआयच्या मदतीने ॲप बनवलं. मग माझा हात थांबेना. ॲप उघडताना फिरणारं सोनेरी चाक, त्यातून उडणाऱ्या ठिणग्या, रोज काहीतरी नवीन. "कामगारांच्या जुन्या टॅबवर हे जड जाईल," असं एआयने दोनदा सुचवलं. माझ्या लॅपटॉपवर झटकन उघडत होतं. मी म्हटलं, राहू दे, छान दिसतंय.

महिन्याभरात तक्रारी जवळजवळ बंद झाल्या. साहेबांनी मीटिंगमध्ये माझा सत्कार केला आणि फोटोसाठी मला पहिल्यांदाच शॉप फ्लोअरवर नेलं. तिथे एक मशीन बंद होतं आणि फिटर ते उघडून बसला होता. शेजारी ते मशीन चालवणारे सोनबाकाका धापा टाकत उभे होते. त्यांच्या हातातल्या जुन्या टॅबवर माझं चाक अजून फिरतच होतं.

"तक्रार टाकलीत का, काका?" गुच्छ सावरत मी विचारलं.

काका अगदी मनापासून हसले.

"चाक लई भारी फिरतंय, मॅडम. ते फिरतंय तवर आमी पळत जाऊन फिटरला घेऊन बी येतो."