संक्रांतीचा दाणा

व्हॅक्यूमची नळी जाळीवरून फिरवता फिरवता निलांबरीचा हात थबकला. धाग्यांच्या गुंत्यात एक पांढरा काटेरी दाणा अडकला होता.

अंतराळस्थानकात सुटलेली वस्तू खाली पडत नाही. हवेबरोबर भटकत कधी ना कधी हवा ओढून घेणाऱ्या या जाळीला येऊन चिकटते. दर शनिवारच्या साफसफाईत काही ना काही सापडायचंच. पण हा दाणा संक्रांतीपासून बेपत्ता होता. तिच्या वडिलांनी, अण्णांनी, स्वतः शेगडीपाशी बसून केलेल्या हलव्यातला हा शेवटचा दाणा तिनं सणासाठी राखून ठेवला होता. पुडी उघडताना तो निसटला, तो गेलाच.

त्या दिवशी अण्णांनी व्हिडिओवर विचारलं होतं, "खाल्लास ना गं? काटा कसा आलाय?"

"फक्कड आलाय, अण्णा!" तिनं ठोकून दिलं. परतल्यावर कान धरून खरं सांगू, असं ठरवून.

फाल्गुनात अण्णा अचानक गेले. अंत्यदर्शन तिनं पडद्यावरच घेतलं.

"टाक की तो कचरा," मागून कमांडर म्हणाला.

निलांबरीनं दाण्यावरची धूळ पुसली आणि तो अलगद जिभेवर ठेवला. काटा टोचला.

"फक्कड आलाय, अण्णा."