पहिल्या तारखेचा माणूस

"एवढंच सांगा आंटी, की भाडं कधी चुकलं नाही," अमोल हळू आवाजात म्हणाला. "होमलोनवाला आता येईलच. तो घरमालकाला विचारतोच."

सबीना आंटी अंगणातल्या बांबूवर बोंबील वाळत घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"उपासाचे दिवस हाय, अमोल. इस्टर होईस्तवर मासळी खायची न्हाय आन् खोटं बोलायचं न्हाय, असं देवळात फादरसमोर कबूल केलंय मी."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस बाजारात बसते. तवा मासळी सगळी आजचीच असते."

दारात उभी असलेली संचिता हसली. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प झाली. तिच्या हातात कागदांची फाइल होती. भाईंदर पश्चिमेला एक खोली-स्वयंपाकघर त्यांनी पाहून ठेवलं होतं. दोन बँकांनी अमोलचा सिबिल स्कोअर बघूनच कागद परत दिले होते. ही लहान कंपनी निदान घरी येऊन माणूस बघते, असं एजंट म्हणाला होता. शनिवारपर्यंत काही कळलं नाही तर खोलीचा मालक ती दुसऱ्याला देणार होता.

मोटरसायकल फाटकापाशी थांबली. हेल्मेट काढत कर्ज कंपनीचा निकेत आत आला. आंटींनी पुढे केलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून त्याने मागच्या भाड्याच्या खोलीकडे एकदा नजर टाकली आणि फॉर्म काढला.

"स्कूल व्हॅनचं कर्ज थकलं होतं तुमचं. व्हॅन ओढून नेली."

"शाळाच बंद होत्या ना सर, लॉकडाऊनमध्ये," संचिता म्हणाली. "आता हे कंपनीची बस चालवतात. पगार बँकेत येतो."

"मला कळतं हो ताई. कॉम्प्युटरला कळत नाही." तो आंटींकडे वळला. "मावशी, भाडं वेळेवर देतात?"

"आता देतात."

"आता म्हणजे? आधी?"

अमोल खाली पाहू लागला. आंटींनी हातातला बोंबील टोपलीत परत ठेवला.

"आधी नऊ मैने एक रुपया न्हाय दिला."

निकेतचं पेन थांबलं. संचिताने फाइल छातीशी धरली. अमोलने डोळे मिटून घेतले.

"लिवलं?" आंटींनी विचारलं. "आता पुढचं पन लिव. भाडं थकलं का मानूस कसा वागतो, म्हाईत हाय तुला? मागच्या वाटेनं जातो. मी हाक मारली तर आतून आवाज न्हाय. असले लय बघितले मी. ह्यो काय करायचा? पयल्या तारखेला सकाळी माज्या दारात उभा. 'आंटी, याही महिन्याला नाही जमलं.' बस, येवढंच. परत पुढच्या पयलीला हजर. पावसात, मास्क लावून. नऊ वेळा आला. शेवटी मीच बोलली, बाबा, नको येत जाऊ, मलाच कसंतरी होतं. तरी आला."

"आणि ते नऊ महिने?"

"फेडले. हळूहळू. मी सोड बोलली होती, त्यानं न्हाय सोडलं."

एक कावळा टोपलीकडे सरकला, तेव्हा आंटींनी पदराने त्याला हुसकलं.

फॉर्मवर 'भाडे नियमित' असं छापलेलं होतं आणि पुढे हो-नाहीचे दोन चौकोन होते. निकेतने त्यातल्या कुठल्याच चौकोनात खूण केली नाही. कागद उलटा केला, मांडीवर हेल्मेट ठेवून त्यावर टेकवला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहू लागला. बराच वेळ लिहीत होता.

"व्याज थोडं जास्त लागेल," शेवटी तो अमोलला म्हणाला. "सही वरच्या साहेबांची असते, पण माझ्या फाइली सहसा परत येत नाहीत. खोलीच्या मालकाला सांगून ठेवा, दुसऱ्या कोणाला दाखवू नको म्हणावं."

अमोलने नुसती मान हलवली. संचिता पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली ती लवकर बाहेर आलीच नाही.

फाटकापाशी निकेत वळला. "मावशी, भाडेकरू जातील हां तुमचे."

"म्हाईत हाय मला," आंटी म्हणाल्या.

मोटरसायकलचा आवाज तारोडी गावाच्या वळणावर विरला. अमोल आंटींजवळ आला, टोपलीतले बोंबील उचलून त्यांच्या हाती देऊ लागला. दोघांनी मिळून अर्धा बांबू भरला.

"आंटी, मी तुम्हाला खोटं बोलायला..."

"गप. ते उलटं देतोस, शेपटाकडनं."

त्याने बोंबील फिरवून दिला. आंटींनी तो टांगला, पण हात बांबूवरच राहिला.

"तिकडं गेलास तरी पयल्या तारखेला यायचं."

"येणार ना. काय आणू येताना?"

"काय न्हाय," आंटी म्हणाल्या. "तवा यायचास ना, तसाच ये. हात हलवत."