वर्षभर न वापरलेलं

"मोबाईलमध्ये जागा करायला अक्कल लागते, आणि ती माझ्याकडे आहे," असं म्हणत हेरंबकाकांनी शोभनाकाकूंचा मोबाईल उचलला. काकूंच्या डोक्यातल्या सगळ्या आठवणी त्यातच साठवलेल्या होत्या. चाळिशीनंतर डोक्यात ठेवतंय कोण? काकांना मात्र तिथे आपली क्रिकेटची मॅच ठेवायची होती. काकूंना न विचारताच त्यांनी 'वर्षभर न वापरलेलं' सगळं पुसून टाकलं.

दुपारी पुतणीच्या घरी वास्तुशांतीच्या पंगती बसल्या. "काकू, नाव घ्या!" बायकांनी धरूनच ठेवलं.

काकूंनी काकांना बाजूला ओढलं. "अहो, तुमचं नाव काय हो?"

काकांना आपण केलेली पुसापुसी आठवली. लग्नाच्या पस्तीस वर्षांत काकूंनी त्यांना 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती.

"शोभना, माझं चुकलं गं, मी तुझ्या मोबाईलमध्ये..."

"काका, कानात सांगायचं नाही हं!" पुतणीने काकूंना ओढून नेलं.

तिथूनच ओरडून नाव सांगता आलं असतं. पण मग बायको ते विसरली कशी, हेही सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं. काका मान खाली घालून आपल्या पानावर जाऊन बसले.

मोबाईलने रिकाम्या जागी काकूंच्या तोंडी सगळ्यात जास्त येणारं पुरुषाचं नाव भरलं. काकूंचा चेहरा एकदम खुलला.

"वास्तुशांतीला केली पुरणपोळ्यांची रास, सर्जेरावांना भरवते पहिला घास!"

काकूंनी महिनाभर रोज फोन करकरून ज्यांच्याकडून पुतणीच्या नव्या घराचे नळ बसवून घेतले, ते सर्जेराव प्लंबर पहिल्याच पंगतीत बसले होते. त्यांनी तोंड उघडलं.